फलनाचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चित्र कसं वाचायचं? आधी पटलं मोजा

‘शुक्राणू अंडपेशीत शिरतो’ हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. शिरतो म्हणजे नेमकं काय होतं? अंडपेशी त्याला गिळते का? तो तिच्या पटलाला भोक पाडून आत घुसतो का? की दोघांची पटलं एकमेकांत मिसळतात आणि दोन पेशींची एक पेशी होते? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. प्रकाशाने पाहताना साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत आणि पेशीपटलाची जाडी असते जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. म्हणजे ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे, नेमकी तीच दिसत नव्हती.

एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी बर्लिनमध्ये १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. पण सस्तन प्राण्याच्या फलनाचं स्पष्ट चित्र त्यातून मिळवायला आणखी तीन दशकं गेली. पेशी जशी आहे तशी थांबवणारी रसायनं आणि तिचे पुरेसे पातळ काप करणारी सुरी हाती आल्यावरच सस्तन प्राण्यांच्या फलनाची पटलं दिसू लागली.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राणिशास्त्र-जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी आणि इथल्या आयव्हीएफ केंद्रांत नव्याने लागलेल्या एम्ब्रियॉलॉजिस्टसाठी आहे. फलनाच्या पायऱ्या मुलं तोंडपाठ म्हणतात, पण एक करडं टीईएम चित्र (पातळ कापातून आरपार इलेक्ट्रॉन सोडून घेतलेलं) समोर ठेवलं की गप्प होतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्या पायऱ्या अशाच चित्रांमधून कळल्या आहेत. माझी पद्धत एकच आहे: चित्रातली पटलं मोजायची. बाकी सगळं त्यामागून येतं.

पहिली पायरी: चित्र कशाचं आहे ते ठरवा

सर्वांत आधी मोजपट्टी शोधा. चित्राच्या कोपऱ्यात आडवी रेघ असते आणि तिच्यावर १ मायक्रोमीटर किंवा २०० नॅनोमीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं. माणसाच्या शुक्राणूचं डोकं साधारण ५ मायक्रोमीटर लांब आणि ३ मायक्रोमीटर रुंद असतं, अंडपेशी सुमारे १२० मायक्रोमीटर, उंदराची सुमारे ८० मायक्रोमीटर. हे आकडे डोक्यात असले की आपण डोकं पाहतोय की डोक्याचा एक कोपरा, हे लगेच कळतं.

मग प्राणी कोणता ते पाहा. उंदीर आणि हॅमस्टरच्या शुक्राणूचं डोकं आकड्यासारखं वळलेलं असतं, माणूस, ससा, बैल यांचं चपटं अंडाकृती. उंदरावरून काढलेला निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाही. त्याचं एक ठळक उदाहरण पुढे येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र पृष्ठभागाचं आहे की कापाचं. एसईएममध्ये, म्हणजे पृष्ठभाग न्याहाळणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, पृष्ठभाग दिसतो: अंडपेशीवरचे मायक्रोव्हिलाय (बोटांसारखे बारीक उंचवटे), झोनाची, म्हणजे अंडपेशीभोवतीच्या जाड कवचाची, जाळी, त्यावर चिकटलेले शुक्राणू. ही चित्रं देखणी असतात, म्हणूनच वर्तमानपत्रात तीच छापतात. पण पटल एक आहे की दोन, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी टीईएमचा काप लागतो. आणि काप कुठल्या कोनातून गेलाय हे पाहावंच लागतं. काकडी आडवी कापली तर गोल चकती मिळते, तिरकी कापली तर लांबट, उभी कापली तर फोड. शेपटीचंही तसंच आहे. एकाच चित्रात शेजारी शेजारी गोल आणि लांबट तुकडे दिसले तर ते दोन प्रकारचे शुक्राणू नसतात.

दुसरी पायरी: नमुना कसा बनला ते समजून घ्या

ज्याने एकदाही ब्लॉक, म्हणजे नमुना बसवलेला रेझिनचा घट्ट ठोकळा, केलेला नाही, तो चित्रातल्या डागाला रचना समजतो. म्हणून प्रयोगशाळेची वाट थोडी सविस्तर सांगतो.

फलन होत असलेली अंडपेशी ठरलेल्या वेळी २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकतात. बफर ०.१ मोलर, पीएच ७.२ ते ७.४. त्याने प्रथिनं जागच्या जागी बांधली जातात. ग्लुटराल्डिहाइडचा हा उपयोग १९६३ साली पुढे आला आणि त्याआधीच्या चित्रांपेक्षा नंतरची चित्रं इतकी स्वच्छ का, याचं मोठं कारण तेच. मग १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते मेदाला धरतं, म्हणूनच पटलं काळी उठून दिसतात. पुढे इथेनॉलच्या चढत्या पायऱ्यांनी पाणी काढायचं, रेझिन मुरवायचं आणि ६० अंश सेल्सियसला सुमारे दोन दिवस ओव्हनमध्ये घट्ट करायचं.

अंडपेशी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते आणि बाटल्या बदलताना हमखास हरवते. त्यामुळे फिक्स केल्यावर ती आगारच्या छोट्या थेंबात बसवून घ्या. ऑस्मियमनंतर ती काळी पडते, मग शोधणं सोपं जातं.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात, खाडीलगतच्या इमारतींमध्ये तर फारच, हवेत ओल असते आणि इपॉक्सी रेझिनचे घटक ती ओल शोषतात. ब्लॉक मऊ, चिकट राहतो, सेक्शन (पातळ काप) फाटतात, त्यावर सुरीच्या रेघोट्या उमटतात. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. साचे आधी ओव्हनमध्ये कोरडे करा. सिलिका जेल निळी आहे ना, ते रोज पाहा. शेवटचं शंभर टक्के अल्कोहोल खरंच शंभर टक्के असलं पाहिजे. अर्धी भरलेली जुनी बाटली त्या कामाला वापरू नका.

सेक्शनची जाडी ६० ते ८० नॅनोमीटर हवी. सुरीच्या पाण्यावर तरंगताना ते रुपेरी दिसले तर जाडी बरोबर, सोनेरी दिसले तर जाड. आता हिशेब करा: ८० मायक्रोमीटरच्या अंडपेशीचे ७० नॅनोमीटरचे काप अकराशेच्या वर होतात, माणसाच्या अंडपेशीचे सतराशेच्या आसपास. शुक्राणू त्यातल्या मोजक्याच कापांत असतो. म्हणून आधी अर्धा ते एक मायक्रोमीटर जाडीचे काप काढून टोल्युइडीन ब्लूने रंगवा, साध्या मायक्रोस्कोपखाली शुक्राणू दिसेपर्यंत पुढे जात राहा आणि तो दिसला की मगच पातळ सेक्शनला लागा. १९६०च्या दशकातल्या संशोधकांनी एकेका चित्रासाठी असेच काप चाळले आहेत. त्या चित्रांकडे आदराने पाहावं असं मला वाटतं, त्याचं कारण हे.

शेवटी युरेनिल ॲसिटेट आणि लेड सायट्रेटने रंगवणं. लेड सायट्रेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून लेड कार्बोनेटचे काळे कण तयार करतं, म्हणून थेंबाभोवती सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवतात आणि त्यावर वाकून श्वास सोडत नाहीत. चित्रात काळे ठिपके दिसले की पेशीबाहेरच्या रिकाम्या रेझिनवर नजर टाका. तिथेही तेच ठिपके असतील तर तो गाळ आहे, पेशीतली कणिका नाही.

ऑस्मियमची वाफ डोळ्यांना इजा करते, युरेनिल ॲसिटेट किरणोत्सारी आणि विषारी आहे, कॅकोडायलेट बफरमध्ये आर्सेनिक असतं. फ्यूम हूड आणि हातमोजे यांना पर्याय नाही आणि टाकाऊ द्रव सिंकमध्ये ओतायचं नाही.

तिसरी पायरी: डोक्याच्या टोकावर पाच रेषा

आता मोजायला लागू. न बदललेल्या शुक्राणूच्या डोक्याच्या पुढच्या भागात बाहेरून आत या: पेशीपटल, मग ॲक्रोसोमचं (डोक्याच्या टोकावरच्या विकरांनी भरलेल्या टोपीसारख्या पिशवीचं) बाहेरचं पटल, मग ॲक्रोसोममधला करडा ऐवज, मग ॲक्रोसोमचं आतलं पटल आणि शेवटी केंद्रकाचं दुहेरी आवरण. म्हणजे केंद्रकातल्या काळ्या, गच्च भरलेल्या क्रोमॅटिनपर्यंत (डीएनए आणि प्रथिनांच्या ऐवजापर्यंत) पोहोचायला पाच पटलं. केंद्रकाची दोन पटलं इतकी चिकटून असतात की कमी मोठेपणाच्या चित्रात ती एकच वाटतात.

पाच मोजली तर ॲक्रोसोम शाबूत आहे. एवढं जमलं तर अर्धं काम झालं.

चौथी पायरी: पाचाची तीन कधी होतात

शुक्राणू लगेच फलनक्षम नसतो, त्याला मादीच्या मार्गात काही काळ घालवावा लागतो. मिन-चुए चांग आणि कॉलिन ऑस्टिन यांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवलेलं हे कपॅसिटेशन. त्यानंतर ॲक्रोसोम रिॲक्शन होते. ॲक्रोसोम फुटतो, असं पूर्वी ढोबळपणे म्हणत. बारोस, बेडफर्ड, फ्रँकलिन आणि ऑस्टिन यांनी १९६७ साली टीईएमने दाखवलं की तो फुटत नाही. पेशीपटल आणि ॲक्रोसोमचं बाहेरचं पटल अनेक ठिकाणी एकमेकांशी जुळतात आणि त्यातून छोट्या पुटिकांची (पटलाच्या बारीक फुग्यांची) माळ तयार होते. पुटिकांमधल्या फटींतून आतला ऐवज बाहेर पडतो.

चित्रात हे ओळखायचं असं: डोक्यापुढे गोल, पोकळ पुटिकांची रांग आणि तिच्या मागे आता उघडं पडलेलं ॲक्रोसोमचं आतलं पटल. पाचातली बाहेरची दोन गेली, तीन उरली. पण सावध राहा. मरत असलेल्या शुक्राणूचं पेशीपटलही सुटतं आणि फुगतं. तिथे पुटिकांची ओळीतली रांग नसते, पटलाचे वेडेवाकडे तुकडे असतात. हा फरक पाहायला नजर तयार व्हावी लागते. त्यासाठी एकाच ग्रिडवर (काप ठेवायच्या धातूच्या बारीक जाळीवर) दोन्ही प्रकार शोधून शेजारी ठेवून पाहा.

झोना पेल्युसिडाबद्दल थोडक्यात. टीईएममध्ये तो बारीक तंतूंचा करडा पट्टा दिसतो. शुक्राणू त्यातून जाताना मागे अरुंद, स्वच्छ कडांची फट राहते. नुसत्या विकरांनी झोना विरघळला असता तर वाट रुंद आणि विसविशीत झाली असती. अरुंद फट सांगते की शेपटीच्या जोराचा वाटा मोठा आहे.

पाचवी पायरी: दोन पेशी कुठे जुळतात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

डॅनियल सोलोशी आणि हान्स रिस यांनी १९६१ साली उंदीरवर्गातल्या रॅटच्या अंडपेशीचे काप पाहून दाखवलं की शुक्राणूचं पेशीपटल आणि अंडपेशीचं पेशीपटल सलग होतात. म्हणजे एका पटलावर पेन्सिल ठेवून सरकत गेलं तर ती न उचलता दुसऱ्यावर पोहोचते. त्याच सुमारास आर्थर आणि लॉरा कॉल्विन या दांपत्याने सागरी अपृष्ठवंशीयांमध्ये हेच दाखवलं होतं. भोक पाडण्याची कल्पना तिथे संपली.

पण डोक्याचा कुठला भाग जुळतो? सागरी प्राण्यांत पुढचं टोक जुळतं. सस्तन प्राण्यांत पुढच्या टोकावर आता ॲक्रोसोमचं आतलं पटल उघडं असतं, आणि ते अंडपेशीशी जुळत नाही. हॅमस्टरवर रयुझो यानागिमाची यांनी आणि ससा व इतर प्राण्यांवर मायकेल बेडफर्ड यांनी केलेल्या कामातून उत्तर डोक्याच्या मधल्या भागाकडे सरकलं. ॲक्रोसोम रिॲक्शननंतरही ॲक्रोसोमचा मागचा अरुंद भाग तसाच टिकून राहतो, त्याला विषुववृत्तीय पट्टा म्हणतात. त्याच्यावरचं पेशीपटल अंडपेशीच्या मायक्रोव्हिलायशी जुळतं. बेडफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली या पट्ट्याचं महत्त्व ठामपणे मांडलं.

आणि पुढच्या टोकाचं काय होतं? अंडपेशीचं पटल त्याच्याभोवती वर येतं आणि ते आत ओढून घेतं. म्हणजे मधल्या भागात मिसळणं आणि टोकाकडे गिळणं, दोन्ही घडतं. चित्रात आत गेलेल्या डोक्याच्या पुढे एक बंद पिशवी दिसते. तिची आतली भिंत शुक्राणूच्या ॲक्रोसोमच्या आतल्या पटलाची असते, बाहेरची अंडपेशीच्या पटलाची. सुरुवातीच्या तीन प्रश्नांपैकी दोघांना थोडं थोडं ‘हो’ असं उत्तर मिळतं आणि हे केवळ पटलं मोजून कळलेलं आहे. जीवशास्त्रात याहून सुंदर उत्तरं फार थोडी आहेत, असं मी मानतो.

रेणू नंतर सापडले. शुक्राणूवरचं इझुमो-१ हे प्रथिन २००५ साली, अंडपेशीवरचा त्याचा जोडीदार जुनो २०१४ साली. उंदरात ॲक्रोसोम रिॲक्शननंतर इझुमो-१ विषुववृत्तीय पट्ट्याकडे सरकतं. ज्या जागेवर सूक्ष्मदर्शकवाल्यांनी कित्येक वर्षं आधी बोट ठेवलं होतं, तीच ही जागा.

आयव्हीएफ केंद्रात इक्सी करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. १९९२ साली ब्रुसेल्सच्या गटाने पहिल्या गर्भधारणा जाहीर केलेल्या या पद्धतीत शुक्राणू सुईने थेट अंडपेशीच्या आत जातो. जुळण्याची पायरीच होत नाही. शुक्राणूचं पेशीपटल, आणि ॲक्रोसोम शाबूत असेल तर तोही, सगळं आत जातं आणि अंडपेशीला ते आतच निस्तरावं लागतं. रोज सुई धरणाऱ्याला ही पाच पटलं माहीत असायलाच हवीत.

सहावी पायरी: अंडपेशीचा काठ पाहा

अंडपेशीच्या पटलाखाली ०.२ ते ०.६ मायक्रोमीटरचे गडद गोल कण एका रांगेत असतात, ते कॉर्टिकल ग्रॅन्यूल्स. शुक्राणू जुळल्यावर ते बाहेर रिकामे होतात, झोना बदलतो आणि दुसऱ्या शुक्राणूची वाट बंद होते. रांग शाबूत असेल तर अंडपेशी अजून जागी झालेली नाही. रांग नाहीशी झाली असेल आणि झोनाखालच्या फटीत कणांचा ऐवज दिसत असेल तर झाली आहे. मात्र जुनाट झालेली अंडपेशी शुक्राणूशिवायही काही कण सोडते, म्हणून फलन न झालेली, त्याच वयाची अंडपेशी तुलनेला ठेवा.

सातवी पायरी: आत गेल्यावर

बहुतेक सस्तन प्राण्यांत शेपटीसकट शुक्राणू आत जातो. त्याचे मायटोकॉन्ड्रिया काही काळ अंडपेशीत ओळखू येतात. पीटर सुटोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की त्यांच्यावर युबिक्विटिनची (नष्ट करायच्या गोष्टींवर लागणाऱ्या प्रथिनाची) खूण असते आणि मग ते नष्ट केले जातात. आईकडूनच मायटोकॉन्ड्रिया येतात, या नियमामागची एक यंत्रणा अशी दिसली.

वर म्हटलेलं उदाहरण इथलं. माणसाच्या शुक्राणूच्या मानेत सेंट्रिओल, म्हणजे नलिकांची छोटी नळकांडी, असतं आणि तेच पहिल्या विभाजनाच्या तर्कूला (गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या तंतूंच्या रचनेला) उभं करतं. हेन्री सतानंतन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली मानवी भ्रूणांच्या टीईएम चित्रांतून हे दाखवलं. उंदराचा शुक्राणू सेंट्रिओल आणतच नाही. उंदराच्या चित्रावरून माणसाच्या पहिल्या विभाजनाबद्दल लिहिलं तर ते चूक ठरेल.

चित्राला वेळ विचारू नका

टीईएम चित्रातली प्रत्येक पेशी फिक्स केलेली, म्हणजे मेलेली असते. दहा पेशींची चित्रं क्रमाने लावून गोष्ट आपण रचतो, आणि तो क्रम चुकू शकतो. झोनावर चिकटलेले, ॲक्रोसोम शाबूत असलेले शुक्राणू दिसले म्हणून रिॲक्शन झोनावरच सुरू होते असं बराच काळ मानलं गेलं. २०११ साली उंदराच्या जिवंत, चमकणाऱ्या ॲक्रोसोमच्या शुक्राणूंचं चित्रीकरण झालं, तेव्हा फलन करणाऱ्या बहुतेक शुक्राणूंची रिॲक्शन झोनाला पोहोचण्याआधीच सुरू झालेली दिसली. झोनावर चिकटलेले दिसतात ते शुक्राणू आत जाणारेच असतात असं नाही. टीईएमला ‘कुठे’ आणि ‘किती पटलं’ हे विचारा. ‘कधी’ हे जिवंत पेशीलाच विचारावं लागतं.

शेपटीचा आडवा काप आणि दवाखाना

शेपटीचा काटकोनात गेलेला काप घ्या: मध्ये दोन नलिका, भोवती नऊ जोड्या, त्यांच्या बाहेर नऊ जाड तंतू. भोवती मायटोकॉन्ड्रिया असतील तर तो मधला भाग, तंतूंचं आवरण असेल तर मुख्य भाग. प्रत्येक जोडीवर डायनिनचे दोन बारीक हात असतात, शेपूट हलते ती त्यांच्यामुळे. स्वीडनच्या ब्योर्न आफ्झेलियस यांनी हे हात १९५९ साली सी अर्चिनच्या शुक्राणूत पाहिले आणि १९७६ साली मूल न होणाऱ्या, जुनाट खोकला-सायनस असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंत ते हात गायब असल्याचं दाखवलं. त्यातल्या काहींचं हृदय उजवीकडे होतं. एका चित्राने तीन वेगवेगळ्या तक्रारींचं मूळ एकच ठरवलं.

म्हणून सगळे शुक्राणू जिवंत असूनही अजिबात हलत नसतील किंवा सगळ्यांचं डोकं गोल आणि बिनॲक्रोसोमचं असेल, तर टीईएमचा विचार करायला जागा आहे. बाकी जोडप्यांना या तपासणीची गरज नसते आणि ती सुचवून खर्च वाढवू नये. हात मोजताना फक्त नलिका स्वच्छ गोल दिसणारे काप धरा. तिरक्या कापात निरोगी माणसाचेही हात दिसत नाहीत.

इथून कुठे जायचं

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारकाच्या कर्करोग संशोधन केंद्रात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची सोय आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने पनवेल गाडी पकडली की खारघर स्टेशन. पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (अत्याधुनिक उपकरणांच्या सुविधा केंद्रात) बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन पाहतात. परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. मार्गदर्शकांच्या पत्राशिवाय जाऊ नका आणि जैविक नमुना घेतात का, फिक्सेशन तुम्ही करायचं की ते करतील, हे आधी विचारा. प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी लागते. मानवी स्त्रीबीज किंवा भ्रूण असेल तर २०२१चा एआरटी कायदा लागू होतो. आचारसमितीच्या मंजुरीशिवाय आणि जोडप्याच्या लेखी संमतीशिवाय त्याला हात लावायचा नाही. शिकायला वीर्याचा नमुना पुरतो, तोही संमतीनेच.

चित्र मिळालं की त्याची मूळ प्रत वेगळी जपून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर पेन्सिलने प्रत्येक पटल रंगवा. खाली लिहा: प्राणी, शुक्राणू सोडल्यापासून किती वेळाने फिक्स केलं, कोणतं फिक्सेटिव्ह, मोजपट्टी, असे किती शुक्राणू पाहिले आणि त्यातल्या कितींत हेच दिसलं. एकाच शुक्राणूत दिसलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.